तलखाबच्या नकाशातले ठिपके

“एक सही मागितलीय, खानम मोहंदेस. किडनी नाही मागितली.”

“किडनी मागितली असती तर दिली असती. ती दोन असतात.”

मनीजेने मान वर केली नाही. मेथीची काडी तिने अशी तोडली की देठ माझ्या मांडीवर येऊन पडला. माझा भाऊ कुदरत स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात चहाचा ग्लास, गालात साखरेचा खडा. जेवण झाल्यापासून तो तेच बोलणं फिरवून फिरवून बोलत होता. मनीजे त्याची बायको, आणि पेशाने इंजिनियर. एरवी घरात तिला कोणी खानम मोहंदेस म्हणत नाही. कुदरतला राग आला की मात्र तो तिला हुद्द्याने हाक मारतो.

“सालारवंद काय म्हणाला ते तरी नीट ऐक. नुसती ताकीद मिळेल. कागद फाइलीत जाईल, विषय संपेल. गुरुवारी तो माणूस मिठाईचं तबक घेऊन आपल्या दारात उभा राहणार आहे. कुठल्या तोंडाने दार उघडशील?”

“आहे त्याच. दुसरं शिवून घ्यायला वेळ नाही.”

आमची नस्तरन गुरुवारच्या माशासाठी कोथिंबीर निवडत होती. आईच्या असल्या बोलण्यावर ती नेहमी हसते. त्या दिवशी हसली नाही.

गुरुवारी संध्याकाळी तिचं बले-बोरान होतं, लग्न पक्कं करायची बैठक. दोन्ही घरची मोठी माणसं एकत्र बसतात, काय ठरलं ते कागदावर लिहितात, सह्या करतात, मग जेवतात. मुलगा पेदराम, मोहंदेस सालारवंदांचा थोरला. आणि मोहंदेस सालारवंद गेली दहा वर्षं मनीजेचे साहेब. म्हणजे त्या एकाच आठवड्यात त्या एकाच माणसाला आमच्या घरातून दोन कागद सही होऊन हवे होते. एक मुलीचा आणि एक आईचा.

आईचा कागद फ्रिजवर, ब्रेडच्या डब्याखाली ठेवला होता. चौकशी समिती बसली होती, बुधवारपर्यंत तो तिच्याकडे जायला हवा होता. मी तो सकाळीच वाचला होता. मनीजेच्या नावाने सालारवंदांनी स्वतः टाइप करून पाठवला होता, आमच्या बाईंना तेवढाच त्रास कमी. त्यात लिहिलं होतं: “मुलीच्या विवाहाच्या तयारीमुळे माझे लक्ष विचलित झाल्याने, तलखाब क्षेत्राच्या नकाशात पोकळ्यांची नोंद करणे माझ्याकडून राहून गेले.”

नकाशा झाला होता गेल्या वर्षी वसंतात, नवरोजनंतर. पेदरामचं नाव या घरात पहिल्यांदा निघालं ते शरद ऋतूत, खजूर उतरवून झाल्यावर. मनीजेने काय सहा महिने आधीच तयारीला सुरुवात केली होती?

तरीही मी दुपारी म्हटलं, “मनीजे, कर बाई सही. पोरीचं होऊन जाऊ दे.” हे मी लपवणार नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “इफ्फत खानम, तुमच्याकडची मेथी संपली. ही घ्या.” आणि अर्धी जुडी माझ्यापुढे टाकली.

मी या घरात मागच्या खोलीत राहते, नवरा गेल्यापासून. मनीजेला सत्तावीस वर्षं पाहतेय. ती बहदारवंदांची, डोंगराकडच्या भटक्या बख्तियारींतली. तिची आई तंबूत जन्मली, तंबूत वाढली, आणि लग्नानंतर मस्जिद-सुलेमानला आसमारी डोंगराच्या बाजूला दोन खोल्यांच्या घरात येऊन राहिली. तिथला सगळा दगड चुनखडीचा. मनीजे सांगते, तिची आई धुण्याचं पाणी कुठेही टाकू द्यायची नाही. एका जागी ओतलं की खडक ते गटकन पिऊन टाकायचा, आणि दोन हात पलीकडे ओतलं तर संध्याकाळपर्यंत डबकं, त्यावर डास. वरून बघितलं तर दोन्हीकडे तोच करडा दगड. लहानपणी तिने मास्तरांना विचारलं की असं का. मास्तर म्हणाले, दगड म्हणजे दगड. तिने त्या मास्तरांवर तेव्हापासून जो डूख धरला तो अजून आहे.

त्याच दगडाच्या पोटात, खाली दोन-तीन किलोमीटरवर, आमच्याकडचं तेल असतं. दगडाला जिथे बारीक बारीक छिद्रं आहेत तिथे तेल, जिथे तो भरीव आहे तिथे काही नाही. शहराच्या कियानपार्स भागातल्या एका खाजगी कंपनीत मनीजे सव्वीस वर्षं एकच काम करते. रानात जड गाड्या जमीन हादरवतात, जमिनीला कान लावून बसलेली हजारो यंत्रं खालून आलेला प्रतिध्वनी टिपतात, आणि त्या प्रतिध्वनीवरून ही बाई सांगते की कुठला दगड कसा आहे. एकदा वीज गेली होती, उकाड्याने दोघी ओल्या चादरी अंगावर घेऊन पडलो होतो, तेव्हा मी तिला विचारलं की यात इतकं अवघड काय आहे, एकदा भोक पाडलं की कळलंच की.

ती म्हणाली, “वाळूचा दगड असता तर कळलं असतं. तो बेकरीच्या पावासारखा, एक खाल्ला की सगळे कळले. चुनखडी म्हणजे सासरची माणसं, इफ्फत खानम. एकाच्या वागण्यावरून शेजारच्याचा अंदाज बांधता येत नाही.”

तर तलखाबचा नकाशा. दक्षिणेच्या उतारावर तिला काळ्या ठिपक्यांची एक रांग दिसली. जुन्या काळी पाण्याने दगड खाऊन आत गुहा झाल्या, मग त्या ढासळल्या, असं तिचं म्हणणं. तिने प्रत्येक ठिपक्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला आणि शेजारी लिहिलं, इथे विहीर नको.

मोहंदेस सालारवंदांना नकाशा इस्त्री केलेला लागतो. तेहरानहून बडी माणसं येतात, पडद्यावर नकाशा लागतो, त्यावर ठिपके दिसले की त्यांना वाटतं यंत्र बिघडलंय. म्हणून शेजारशेजारच्या जागांची सरासरी काढून सगळं गुळगुळीत करायचं. एकदा केलं की ठिपके फिकट होतात. सालारवंदांनी पाच वेळा करायला लावलं. गुहांचा तो पोचट आकडा आजूबाजूच्या चांगल्या दगडात मिसळत गेला आणि अख्खा दक्षिण उतार एकसारखा पिवळा झाला. नकाशावर पिवळा म्हणजे छिद्रांचा दगड, तेलाची जागा. सुरेख दिसत होता. विहिरीची खूण त्या पिवळ्याच्या मधोमध पडली.

मनीजेने बैठकीत सांगितलं होतं की साहेब, ठिपके गेले. सालारवंद सगळ्यांसमोर म्हणाले, “खानम बहदारवंद, तुम्हाला स्वच्छ चेहरा आवडतच नाही का? देवी आलेलाच हवा?” सगळे हसले. हे मला सांगून झाल्यावर ती म्हणाली, “मीही हसले.”

भोक पाडताना त्यात जड चिखल भरलेला ठेवतात. त्याच्या वजनाने खालचा गॅस खाली दबून राहतो. तलखाबच्या सातव्या विहिरीत तो चिखल एका दुपारी गुहेत निघून गेला, आणि मागोमाग गॅस वर आला, सडक्या अंड्याच्या वासाचा. खोदकामाच्या रिगवरचे दोन जण बेशुद्ध पडले. एक चार दिवसांत घरी गेला. दुसरा, हमीदियेकडचा जासेम नावाचा अरब मुलगा, तेरा दिवस झाले तरी इस्पितळात होता.

चौकशी समितीने सगळे नकाशे मागवले. कंपनीच्या कॉम्प्युटरवर फक्त गुळगुळीत नकाशा होता, खाली मनीजेचं नाव. ठिपक्यांची फाइल सर्व्हर बदलताना गेली म्हणे.

“तुला एवढाच पुळका आहे खरेपणाचा तर तेव्हाच का नाही गेलीस वर?” कुदरत दारातून म्हणाला. “तेव्हा गप्प. आता पोरीच्या लग्नाच्या तोंडावर तुला कंठ फुटला.”

मनीजेने हातातली काडी तशीच जुडीत परत ठेवली. कुदरतला तेवढं पुरलं. त्याने चहा संपवला, ग्लास ओट्यावर आपटून ठेवला, आणि त्याच सुरात म्हणाला, “पेनसुद्धा फ्रिजवरच आहे.”

मनीजे उठली, हात धुतले आणि मला विचारलं, “घरात कॉम्पोटचे डबे आहेत का?”

“पाकातल्या अननसाचे दोन आहेत.”

“डोक्यावरून चादर घ्या. इस्पितळात तीन ते चार भेटू देतात.”

रस्त्यावर धूळ एवढी होती की समोरचा पूल दिसत नव्हता. टॅक्सीत मी तिला म्हटलं, तिथे जाऊन तू काय सांगणार आहेस. ती म्हणाली, “सांगायला नाही चाललेय.”

जासेम पंचविशीचा असेल. उजेडाचा त्रास होतो म्हणून खिडकीला ब्लँकेट टांगलं होतं आणि त्याच्या डोळ्यांवर ओली पट्टी होती. बाजूला जमिनीवर त्याची आई, पायघोळ काळ्या अबामध्ये, पाय दुमडून बसली होती. तिने आमच्या हातातले डबे पाहिले आणि पलंगाखाली बोट दाखवलं. तिथे डब्यांची उतरंड लागली होती.

“ठेवा, ठेवा. बरा झाला की दुकान काढेल,” ती म्हणाली. “तुम्ही कंपनीच्या?”

“नकाशा मी काढला होता,” मनीजे म्हणाली.

मला वाटलं ती बाई आता उठून अंगावर येईल. ती नुसती बघत राहिली, वरपासून खालपर्यंत, पायांतल्या बुटांपर्यंत. मग म्हणाली, “ते साहेब आले होते गेल्या आठवड्यात. म्हणाले एका बाईच्या हातून चूक झाली, तिच्या घरी लग्न आहे, तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, असू दे, लग्नघर आहे, तिला काही बोलू नका.”

मनीजेचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. रंग उतरला म्हणावं तर तसंही नाही. सगळा गालांच्या वर गोळा झाला.

पलंगावरून जासेमने आवाजाच्या दिशेने मान वळवली. बोलताना त्याला धाप लागत होती. “खानम, तुम्हाला ती गुहा दिसली नव्हती?”

“दिसली होती.”

“मग?”

नर्स आत आली, पट्टी बदलायला लागली, तरी मनीजे पलंगाशी तशीच उभी. शेवटी जासेमची आईच म्हणाली, “बस बहिणी, चहा घे,” आणि थर्मासकडे हात नेला. त्या बाईच्या हातचा चहा आम्ही प्यायलो.

परतताना टॅक्सीत मनीजे बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, समोरच्या सीटच्या पाठीशी. “माझ्या पोरीचं लग्न. माझ्या पोरीच्या लग्नाचं नाव घेऊन त्या बाईकडून माफी काढून घेतली. माझ्यासाठी. मी न मागता. आणि तिने दिली.” ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. “तू पुढे बघून चालव,” ती त्याला म्हणाली.

घरी आल्यावर तिने डोक्यावरची चादरही काढली नाही. ओट्यासमोर उभी राहून म्हणाली, “तलखाबचा कागद होता. ठिपके असलेला. त्यावर सालारवंदने स्वतः लिहून दिलं होतं, मी घरी आणला होता. कुठे गेला?”

आता कंपनीतले रद्द झालेले नकाशे ती पहिल्यापासून घरी आणते. जाड, गुळगुळीत कागद, फाटत नाही. त्यावर आम्ही भाजी निवडतो, कणीक मळायच्या जागेखाली घालतो, फडताळात अंथरतो. कुदरत शिकवतो त्या शाळेतल्या निम्म्या वह्यांना तलखाबचे आणि कुठले कुठले नकाशे कव्हर म्हणून गेलेत. आमच्या घरात खालच्या दगडाचा नकाशा नाही असा एकही कप्पा नसेल. त्या दुपारी मेथीसुद्धा एका नकाशावरच पडली होती. मनीजेने ती बाजूला सारून पाहिलं. तो नव्हता.

मला आठवलं. यंदा वसंतात नस्तरनच्या लग्नासाठी बारा माणसांचा चिनी मातीचा सेट आला, तेव्हा तिच्या खोलीतल्या कपाटात मी नवा कागद अंथरला होता. चांगला स्वच्छ कागद मुद्दाम निवडला होता.

हे मी न बोलता राहू शकले असते. कुणालाच कळलं नसतं. कपाट लग्नाच्या दिवशी ट्रकमध्ये चढून सालारवंदांच्याच घरी गेलं असतं, कागदासकट.

“नस्तरनच्या कपाटात,” मी म्हटलं. “मोठ्या बशांखाली.”

बशा काढायला आम्हाला दहा मिनिटं लागली. नस्तरन दारात उभी होती, हातात फोन. कुदरत आवाज ऐकून आला. सगळ्यात खालच्या कप्प्यातला कागद मनीजेने नखाने उचलून ओढला. दक्षिण उतारावर लाल गोल होते, एकूण नऊ, आणि तिची तारीख. वरच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत, सालारवंदांच्या त्या मिरवणाऱ्या अक्षरात: “ठिपके काढा. पाच वेळा गुळगुळीत करा. नकाशा बघवला पाहिजे.” खाली सही. हिरवी शाई आख्ख्या कंपनीत तो एकटाच वापरतो.

“ते परत ठेव,” कुदरत म्हणाला.

ती कागदाची घडी घालत होती.

“मनीजे, पोरीच्या लग्नाच्या भांड्यांखालून काय ओढून काढतेयस, तुला कळतंय का? आबजी, तू मोठी आहेस, तू सांग तिला. दुपारी तूच म्हणालीस ना, सही कर म्हणून?”

“म्हणाले होते,” मी म्हटलं. “तेव्हा मी त्या मुलाच्या आईचा चहा प्यायले नव्हते.”

“वा. दोघी मिळून आता—” मोठ्या बहिणीवर त्याला ओरडता येईना. मग त्याने सगळं परत मनीजेवर काढलं. “तेरा दिवस झोप नाही घरात. आधी वर्षभर गप्प बसायचं, सगळ्यांबरोबर दात काढायचे, आणि मग एक दिवस साधूबाई व्हायचं. सालारवंद चोर, तर तू कोण गं?”

“मी त्याच्या शेजारी बसून हसणारी,” मनीजे म्हणाली. “तेही लिहिते, थांब.”

नस्तरन म्हणाली, “मामान, पेदरामला मी विचारलं.” तिचा आवाज अगदी लहान झाला होता. “त्याला ठिपक्यांच्या फाइलीचं माहीत आहे. तो म्हणतो, झालं ते झालं, तुझ्या आईला म्हणावं बाबांना सांभाळून घ्या.”

“तू काय म्हणालीस?”

“काही नाही. फोन ठेवला.” ती बशांच्या ढिगाकडे बघत होती. “ते येणार नाहीत, मामान. तू हे दिलंस तर गुरुवारी कोणी येणार नाही.”

“नसतील येणार.”

“तुला माझं काहीच वाटत नाही?”

मनीजेने कागद मांडीवर ठेवला आणि लेकीकडे पाहिलं. मला वाटलं आता जवळ घेईल. घेतलं नाही. राग एवढा होता की हात कुणालाही लावला असता तरी तो लागला असता, असं मला वाटतं. ती एवढंच म्हणाली, “त्या पत्रात तुझं नाव घातलंय, नस्तरन. नुसतं माझंच असतं तर कदाचित मी सही केली असती. सव्वीस वर्षं करतच आलेय.”

मग ती जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसली आणि लिहायला लागली. बाहेर अजून उजेड होता, धुळीतून पिवळा. कुदरतने टीव्ही लावला, बंद केला, परत लावला. मी बशा पुसून कपाटात ठेवल्या, खाली काही न अंथरता. नस्तरन कोथिंबीर चिरायला बसली. कोणी तिला सांगितलं नव्हतं.

पाऊण तासाने मनीजे उठली, फ्रिजवरचं पत्र काढलं, उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूवर मासळीवाल्याला सांगायचं सामान लिहिलं, आणि मधल्या खोलीत येऊन टीव्हीसमोर उभी राहिली.

“उद्या सकाळी आठला मी हा नकाशा समितीकडे नेऊन देणार आहे,” ती म्हणाली. “माझ्या पत्रासकट. नंतर ऑफिसला जाईन, संध्याकाळी नेहमीच्या वेळेला घरी येईन. गुरुवारी मासा होणार, चिंच मी भिजत घातलीय. चार माणसांचा करायचा की चौदा, ते कुदरत, तू सालारवंदांच्या घरी फोन करून विचार आणि मला सांग.”